शब्दचर्चा : ‘चिंता टाकणे’ आणि ‘काळजी घेणे’

प्रश्न : आमच्या मंडळीत दर आठवड्याला एकेका घरी प्रार्थनासभा भरते. या वेळी बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रातले ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका कारण तो तुमची काळजी घेतो’ हे वचन (5:7) मननाला होते. सभा संपल्यावर चहा घेताना एका भगिनींनी विचारले की, मुलाच्या वसतिगृहाची फी भरण्याची मुदत तोंडावर आली आहे, तर चिंता टाकायची म्हणजे पैशांची तजवीजही देवावर सोडून स्वस्थ बसायचे का? त्यांच्या शंकेतून मलाही प्रश्न पडला. एकाच वाक्यात आधी ‘चिंता’ आणि लगेच ‘काळजी’ असे दोन शब्द का योजले असावेत? आणि येथे ‘टाकणे’ म्हणजे नेमके काय? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद 1 : मूळ ग्रीक वाक्यातही दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे मराठी भाषांतरकारांनी केलेला भेद योग्यच म्हणावा लागेल. पहिला शब्द ‘मेरिम्ना’, म्हणजे मनाला लागून राहिलेला घोर. दुसऱ्या भागातल्या ‘मेलेइ’ या क्रियापदाचा भाव ‘त्याला तुमचे काही वाटते’ असा आहे. मराठीत ‘त्याला आमचे काय पडले आहे?’ असे आपण वैतागून म्हणतो. पेत्राचे म्हणणे त्याच्या अगदी उलट आहे, की त्याला तुमचे पडलेले आहे. ‘काळजी घेतो’ या रूपात प्रत्यक्ष कृतीची जी छटा येते ती ग्रीकात तितकी ठळक नाही, पण मराठी वाचकाला अर्थ चटकन पोहोचतो, हेही खरे.

‘मेरिम्ना’ म्हणजे ‘मन दुभंगणे’ अशी व्युत्पत्ती प्रवचनांतून वारंवार ऐकू येते. ती ऐकायला छान वाटते, पण व्युत्पत्तीच्या कसोटीवर संशयास्पद आहे, म्हणून तिच्यावर फार इमारत उभारू नये.

आता ‘टाकणे’. मराठीत ‘व्यसन टाकले’ म्हणजे सोडले, आणि ‘अंगावर शाल टाकली’ म्हणजे घातली. येथे ‘त्याच्यावर’ हा शब्द असल्यामुळे दुसराच अर्थ घ्यावा लागतो. याच ग्रीक क्रियापदाचा नव्या करारातला दुसरा उपयोग लूकच्या शुभवर्तमानात (19:35) सापडतो. यरुशलेमेच्या वाटेवर शिष्य शिंगरावर आपली वस्त्रे टाकतात आणि येशूला वर बसवतात, तो प्रसंग. म्हणजे आपल्या अंगावरचे काढून दुसऱ्यावर ठेवण्याची ही क्रिया आहे. शिवाय मूळ वाक्यरचनेत हे स्वतंत्र आज्ञार्थी वाक्य नाही. ते कृदंत, म्हणजे ‘टाकून’ यासारखे धातूपासून झालेले रूप, आहे आणि आधीच्या वचनातल्या ‘लीन व्हा’ या आज्ञेला जोडलेले आहे. चिंता देवाच्या हवाली करणे हा लीन होण्याचाच भाग आहे, असा त्याचा रोख. सगळे आपल्याच्याने निभावले पाहिजे, या हट्टात थोडा अभिमानही दडलेला असतो, हे माझे मत. इतरांना ते पटलेच पाहिजे असे नाही.

प्रतिसाद 2 : वरील विवेचनाला थोडी पुरवणी जोडतो. पेत्राच्या शब्दांमागे 55व्या स्तोत्रातले 22वे वचन आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तेथे ‘भार’ टाकण्याची भाषा आहे, ‘चिंता’ नाही. कारण असे की मूळ इब्री (हिब्रू) शब्द बायबलमध्ये तेवढ्या एकाच ठिकाणी येतो, त्याचा अर्थ परंपरेने ‘ओझे’ असा घेतात, आणि प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तेथे ‘मेरिम्ना’ हा शब्द घातला. पेत्राने तोच उचलला. वारकरी परंपरेत ‘देवावर भार घालणे’ हा प्रयोग रुळलेला असल्याने मराठी कानाला स्तोत्राची भाषा परकी वाटत नाही.

फीच्या प्रश्नाबाबत मात्र फिलिप्पैकरांस पत्र पाहावे. ते लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासातून म्हणतो, ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ (4:6). पण त्याच पत्रात (2:20) आपला सहकारी तीमथ्य याची प्रशंसा करताना, याच्याइतकी तुमची मनापासून काळजी करणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, अशा आशयाचे तो बोलतो, आणि दोन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे. म्हणजे नुसत्या शब्दाला मनाई नाही. ग्रीकात जे संदर्भावरून ओळखावे लागते ते आपण रोजच्या बोलण्यात सहायक शब्दाने सांगतो : काळजी घेणे वेगळे, काळजी करणे वेगळे, आणि काळजी करत बसणे तर त्याहूनही वेगळे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात मराठी भाषांतरकारांनी ‘चिंता करत बसू नका’ असे म्हटले आहे, त्यातला ‘बसू’ मला फार मोलाचा वाटतो. त्या भगिनींनी हप्ते पाडून मिळावेत म्हणून वसतिगृहाला अर्ज करावा, नातलगांकडे शब्द टाकावा. ही काळजी घेणे झाले. अर्ज दिल्यावर रात्री अंथरुणात पडून, तो नामंजूर झाला तर काय, याचे गणित पहाटेपर्यंत मांडत राहणे, हे पौलाने वर्ज्य ठरवलेले. त्या वेळेसाठी त्याने दिलेला उपाय ‘आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा’ असा आहे. आधी झालेल्या उपकारांची आठवण ठेवून मागायचे, एवढीच त्यातली अट.

प्रश्नकर्ता : दोघांचेही मनःपूर्वक आभार. पुढच्या सभेच्या सूचनापत्रकावर ‘देवावर विश्वास ठेवा व बेफिकीर राहा’ असा मथळा एका बंधूंनी सुचवला आहे. तो चालेल का?

प्रतिसाद 1 : चालणार नाही. ‘फिकीर’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द मुळात विचार या अर्थाचा आहे, आणि ‘बेफिकीर’ला मराठीत बेजबाबदारपणाचा वास येतो, फी न भरता हिंडणाऱ्या मुलाला आपण तो लावू, त्याच्या आईला नाही. ‘निर्धास्त’ वाईट नाही, पण त्यात भीती टळल्याचा अर्थ अधिक आहे आणि फीची मुदत तर अजून टळलेली नाही. ‘निश्चिंत’ घ्यावा. वचनातल्या ‘चिंता’शी तो जुळतो आणि पत्रकाच्या ओळीतही मावेल.