शब्दचर्चा : ‘कोराल’ला ‘समूहगान’ म्हणावं का?

प्रश्न

जर्मन संगीतकार बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’च्या (ख्रिस्ताच्या दुःखभोगाची गाऊन सांगितलेली कथा) कार्यक्रमासाठी मराठी परिचयपत्रिका लिहिते आहे. त्यात ‘कोराल’ हा जर्मन प्रॉटेस्टंट उपासनागीताचा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मी तो तसाच ठेवला होता, संपादकांनी सगळीकडे ‘समूहगान’ केलं. वाचताना खटकतंय, पण काय खटकतंय ते नेमकं सांगता येत नाही. ‘स्तोत्र’, ‘भजन’, ‘भक्तिगीत’ यांतलं काही चालेल का?

प्रतिसाद

‘समूहगान’ नकोच. समूहगान म्हटलं की शाळेची स्पर्धा आठवते : निवडलेली मुलं, पंधरा दिवसांची तालीम, समोर परीक्षक. गाणारे वेगळे, ऐकणारे वेगळे. कोरालच्या मुळाशी याच्या नेमकी उलटी गोष्ट आहे. चर्चमध्ये जमलेला प्रत्येक माणूस, सुतार, मोलकरीण, पोरंटोरं, सगळ्यांनी आपल्या भाषेत गायचं.

गंमत अशी की शब्द मात्र गायकवृंदाकडूनच आला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कान्तुस कोरालिस’ म्हणजे वृंदातल्या धर्मसेवकांनी एका सुरात गायचं लॅटिन गायन. या गायनाला, म्हणजे ग्रेगोरियन गायनाला, जर्मनमध्ये आजही ‘कोराल’च म्हणतात. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याच्या काळातली गीतपुस्तकं आपल्या गाण्यांना ‘आध्यात्मिक गीतं’ म्हणत. पुढे हळूहळू ‘कोराल’ हे नाव लोकांच्या गाण्याला चिकटलं. जे लोक आजवर वृंदाचं ऐकत उभे होते, त्यांच्या गाण्याला वृंदाचंच नाव मिळालं. मला हा अर्थबदल फार मोलाचा वाटतो.

पत्रिकेत आणखी एक गोष्ट यायला हवी. लूथरपंथी उपासनेत गाणं दोन विधींच्या मधली जागा भरायला येत नाही, ते स्वतःच विधी आहे. 1526च्या ‘डॉइचे मेसे’त, म्हणजे लूथरने आखलेल्या जर्मन उपासनाक्रमात, शुभवर्तमानाचं (बायबलमधल्या येशूच्या कथेचं) वाचन झालं की सगळ्या मंडळीने विश्वासांगीकार गाऊन म्हणायचा आहे : ‘आम्ही सारे एका देवावर विश्वास ठेवतो.’ ‘ग्लोरिया’ या लॅटिन स्तवनाच्या जागीही असंच जर्मन गीत रूढ झालं. आपला विश्वास कोणीतरी आपल्या वतीने उच्चारायचा नाही, आपल्याच गळ्यातून यायचा. त्याच काळात झुरिचमध्ये झ्विंग्ली या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या सुधारणेने चर्चमधलं संगीतच बंद केलं होतं, हे शेजारी ठेवून पाहा.

प्रतिसाद

वरच्या माहितीत एक दुरुस्ती. लूथरच्या आधी लोक अगदी गप्प उभे असत असं नाही. सणावारी, मिरवणुकीत, यात्रेत जर्मन गाणी होत. त्यांचं कडवं ‘किरीए एलेइसोन’ (प्रभू, दया कर) या ग्रीक हाकेने संपे. लोकांच्या तोंडी तिचं ‘किरिओलाइस’ झालं आणि त्यातूनच या गाण्यांना ‘लाइझे’ हे नाव पडलं. न कळणारी ग्रीक हाक घासत घासत आपल्या भाषेतलं नाम होऊन बसली! लूथरने यांतली काही गाणी घेतली, त्यांना नवी कडवी जोडली. म्हणजे लोकांना गळा त्याने दिला नाही. त्या गळ्याला उपासनेच्या मध्यभागी जागा दिली.

1524मध्ये न्यूर्नबेर्गला छापलेल्या पुस्तिकेत जेमतेम आठ गाणी होती, त्यांतली चार लूथरची. त्याच वर्षी योहान वाल्टरचं वृंदासाठी बहुस्वरी (एकाच वेळी अनेक आवाज आपापली वेगळी चाल गातात अशा गाण्यांचं) पुस्तक विटेनबेर्गला निघालं. त्यात मूळ चाल बहुतेक वेळा ‘टेनोर’मध्ये, म्हणजे आतल्या आवाजात असे. (टेनोर म्हणजे लॅटिन अर्थाने ‘धरून ठेवणारा’.) बाकावरच्या माणसाला ती हुडकून तिच्याबरोबर गाणं अवघडच. 1586मध्ये लूकास ओझियांडरने चाल उचलून सर्वांत वरच्या आवाजात ठेवली, हेतू हाच की मंडळीला बरोबर गाता यावं. बाखची चार आवाजांतली कोरालं ऐकताना वरची चाल चटकन कानात बसते, त्यामागे हा बदल आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. मग ‘स्तोत्र’?

प्रतिसाद

मी मराठी ख्रिस्ती घरातली, म्हणून सांगते, ‘स्तोत्र’ घेऊ नका. आमच्या बायबलमध्ये ‘स्तोत्रसंहिता’ हे एक पुस्तकच आहे. लूथरचं ‘आइन फेस्टे बुर्ग’ (आमचा देव बळकट गड) हे गीत 46व्या स्तोत्रावर बेतलेलं आहे. त्याला स्तोत्र म्हणालात तर ‘स्तोत्रावरचं स्तोत्र’ अशी पंचाईत होईल. ‘भजन’ आमच्याकडे टाळ-तबल्यासह, देशी चालीवर. कोरालची चाल त्या जातीची नाही. तमिळ लूथरपंथी हा भेद शब्दांतच पाळतात : जर्मन चालींवरची ती ‘ज्ञानप्पाट्टु’ आणि कर्नाटक संगीतातली ती ‘कीर्तनै’. अशा कीर्तनांचे मोठे कवी वेदनायगम शास्त्री तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचे समकालीन, आणि दोघेही श्वार्ट्‌झ या लूथरपंथी मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले. आपल्या भोसल्यांच्या दरबाराला हे जर्मन सूर अगदीच परके नव्हते.

माझ्या मते ‘मंडळीगीत’ म्हणा. उपासनेला जमलेल्या लोकांना आम्ही ‘मंडळी’च म्हणतो, आणि जर्मन ‘गेमाइंडं’चा अर्थ तोच आहे. इतर वाचकांनाही ‘मंडळी’ ऐकल्यावर आपली माणसंच आठवतील.

प्रश्नकर्ती

‘मंडळीगीत’ आवडलं! पण पॅशनमध्ये तर कोराल वृंदच गातो ना?

पहिला प्रतिसादक

गातो वृंद, पण चाल मंडळीची. 1727मध्ये लाइपत्सिगच्या थोमासकिर्शं या चर्चमध्ये ऐकायला बसलेल्यांना या चाली लहानपणापासून पाठ होत्या. पॅशनमध्ये एक चाल पाच वेळा येते, बहुतेक वेळा नव्या स्वरसंगतीत. मूळ ती हान्स लेओ हास्लरच्या 1601च्या प्रेमगीताची. पुढे पाउल गेरहार्टने ख्रिस्ताच्या रक्ताळलेल्या मस्तकावर लिहिलेलं गीत तिच्यावर गायलं जाऊ लागलं. कथा सुरू असताना मध्येच ती आली की ऐकणारा साक्षीदार उरत नाही, तो त्या प्रसंगात ओढला जातो. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘कोराल, म्हणजे मंडळीगीत’ असं लिहा आणि पुढे नुसतं ‘कोराल’.

‘कोरल’ मात्र छापू देऊ नका, ते पोवळं होईल. जर्मनमध्ये शब्द पुल्लिंगी आहे, पण मराठीत पद, गीत, गाणं सगळी नपुंसकलिंगी, तेव्हा ‘ते कोराल’ बरं. अनेकवचन ‘कोरालं’. मुद्रितं तपासताना काना नीट पाहा, तो गळला तर ‘कोरलं’ होऊन दगडावर जाईल.

प्रश्नकर्ती

‘ते कोराल’च ठेवते. संपादकांना हा धागा आजच पाठवते आहे.