चार नॉब आणि इफेक्ट ढीगभर: कुठला नॉब कशाला लावू?

अर्धवट_बीट:
माझ्या ग्रूव्हबॉक्सवर (ताल आणि सूर रचून वाजवायचं यंत्र) फिरवायला चारच नॉब आहेत. सध्या पहिला फिल्टर कटऑफ (आवाज कुठून कापायचा), दुसरा रेझोनन्स (त्या काठावर आवाज किती टोकदार), तिसरा डिलेचा फीडबॅक (प्रतिध्वनी किती परत आत फिरवायचा) आणि चौथा रिव्हर्ब सेंड (घुमवणाऱ्या इफेक्टकडे आवाज किती पाठवायचा). हेडफोन लावून एकटा बसलो की झकास चालतं. परवा पहिल्यांदा दहा-बारा जणांसमोर वाजवलं आणि घात झाला.

ब्रेकडाउनमध्ये (ताल उतरतो त्या भागात) पॅडचा, म्हणजे लांबवलेल्या सुरांचा, रिव्हर्ब हळूहळू वाढवत होतो. मध्येच किक (खालचा ढोलाचा ठोका) म्यूट करायला ट्रॅक बदलला, थोड्या वेळाने किक परत आणली आणि चौथा नॉब पुन्हा धरला. सगळा रिव्हर्ब किकवर! बोगद्यात पिंप लोटल्यासारखा आवाज. घाबरून उलटा फिरवायला गेलो तर हात पडला तिसऱ्या नॉबवर. डिले फुगत फुगत असा किंचाळायला लागला की मास्टर व्हॉल्यूमच खाली ओढावा लागला.

दुसरं दुखणं म्हणजे पॅटर्न बदलला की नॉब असतो तळाला आणि आतली व्हॅल्यू असते ९०. हात लावला की आवाज टुणकन उडी मारतो. तुम्ही चार नॉब कशाकशाला लावाल?

तारांचा_गुंता:
कुठला इफेक्ट हे नंतर बघू. आधी नॉब कोणाचा ते ठरवा. तुमचे चारही नॉब निवडलेल्या ट्रॅकच्या मागे धावतायत, म्हणून ट्रॅक बदलला की रिव्हर्बचा मालक बदलतो. सेटिंगमध्ये नॉब सगळ्या प्रोजेक्टला बांधायची सोय आहे का बघा. एमपीसीवर (अकाईचं असंच यंत्र) क्यू-लिंक नॉबना असे वेगवेगळे मोड आहेत. प्रोजेक्ट मोडमध्ये लावलेलं जागचं हलत नाही, स्क्रीन मोडमध्ये मात्र पडद्यावर जे उघडलंय त्याला नॉब चिकटतात.

रेझोनन्स काढून टाका. एकदा आवाज जमवला की वाजवताना तो कितीदा हलवता, खरं सांगा. फिल्टर ठेवा, पण किक सोडून बाकीच्या ट्रॅकवर.

डिलेला फीडबॅक नको, सेंड लावा. सेंड शून्यावर आणला तरी आधी आत गेलेले प्रतिध्वनी आपापले विरत जातात, ऐकायला छान वाटतं. फीडबॅक खाली खेचला तर शेपूट तिथल्या तिथे तुटते. आणि फीडबॅक शंभर टक्क्यांच्या वर गेला की प्रत्येक आवर्तन आधीच्याहून मोठं येतं, तेच तुमचं किंचाळणं. नॉबला रेंज देता येत असेल तर वरची मर्यादा ८०–८५ टक्क्यांवर बांधा. डिले टाइमला तर हातच लावू नका. टेपसारख्या डिलेत टाइम हलवला की सूरही घसरतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) डॉटेड एट्थ नोट, म्हणजे पाऊण ठोका, ३७५ मिलिसेकंदांचा. एकदा सिंक करून सोडून द्या.

रिव्हर्बला मॅक्रो करा. एकाच नॉबवर सेंड वाढतो आणि सोबत हाय-पासचा (खालचे सूर गाळणाऱ्या फिल्टरचा) कटऑफही थोडा वर सरकतो, म्हणजे खालचा गाळ होत नाही. नोव्हेशन सर्किट या ग्रूव्हबॉक्सवर एका मॅक्रोला चार पॅरामीटर जोडता येतात, प्रत्येकाची रेंज वेगळी. तुमच्याकडे तसं काही असेल तर सोनं आहे.

उडी मारण्यावर उपाय म्हणजे पिकअप मोड. नॉब साठवलेल्या व्हॅल्यूला भेटेपर्यंत काहीच होत नाही. तोटाही तोच: ऐन वेळी फिरवताय आणि आवाज ढिम्म. न थांबता गोल फिरणारे एन्कोडर असते तर ही भानगडच नव्हती.

सीसी_चौऱ्याहत्तर:
चार पुरत नसतील तर बाहेरचा मिडी कंट्रोलर (मिडी म्हणजे वाद्यांची आपापसातली भाषा) जोडा. मिडीत प्रत्येक नॉबला सीसी म्हणून एक क्रमांक असतो. पुष्कळ यंत्रांत कटऑफ ७४ वर, रेझोनन्स ७१ वर आणि रिव्हर्ब सेंड ९१ वर मिळतो, पण आपल्या मॅन्युअलचा तक्ता बघूनच लावा.

एक बारकावा. साध्या सीसीला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या, १९८३ पासून तेच चालू आहे. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ म्हणजे जवळपास दहा सप्तकं, म्हणजे एक पायरी साधारण एका सेमीटोनची (सप्तकाचा बारावा भाग). रेझोनन्स चढवून कटऑफ सावकाश फिरवला तर जिना उतरल्यासारखं ऐकू येऊ शकतं. रेंज २०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ एवढीच ठेवली की तोच नॉब दुपटीने बारीक चालतो. बहुतेक गंमत त्याच पट्ट्यात असते.

गप्प_ऐकणारा:
नॉबच्या टोप्या वेगवेगळ्या रंगांच्या लावा. अंधारात लेबल वाचायला कोण बसलंय.

अर्धवट_बीट:
सापडलं! सेटिंगच्या तिसऱ्या पानावर ‘निवडलेला ट्रॅक’ असं होतं, ते ‘प्रोजेक्ट’ केलं. आता पहिला फिल्टर (किक सोडून), दुसरा डिले सेंड, चौथा रिव्हर्ब आणि हाय-पास एकत्र. फीडबॅक मेनूत ७० टक्क्यांवर ठेवून दिला. पिकअप दोन दिवस वापरला आणि बंद केला, त्यापेक्षा पॅटर्न बदलायच्या आधी सगळे नॉब शून्यावर आणायची सवय लावतोय. नवे पॅटर्नही शून्यावरूनच सुरू होतील असे सेव्ह केलेत.

रेझोनन्स काढताना जिवावर आलं होतं, पण आठवडाभरात आठवणही आली नाही. तिसरा नॉब रिकामाच ठेवलाय. हात चुकलाच तर तिथे पडू दे.