बेटावर नुसतं राहून आलेल्यांसाठी अनुभव धागा (अंदमान)

सागरगोटा
काल बातम्यांत खाली पट्टी सरकत होती: समुद्र खवळल्याने स्वराज द्वीपच्या (म्हणजे हॅवलॉकच्या) बोटी रद्द, पर्यटक अडकले. सासूबाई म्हणाल्या, "बिचारे!" आणि मला चक्क हेवा वाटला. आम्ही असेच नीलला अडकलो होतो (२०१८ पासून शहीद द्वीप, पण तोंडात नीलच बसलंय). अडकलो म्हणून राहिलो, नाहीतर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर हे तिथले किनारे उरकून दुपारच्या बोटीने परत. बहुतेक जण तेच करतात.

पाठीवर एकेक सॅक, भाड्याच्या सायकली. बेट आहे जेमतेम तेरा-चौदा चौरस किलोमीटरचं, त्यामुळे 'बघायचं' लगेच संपतं. मग काय करायचं? तर उजेड सांगेल ते. घड्याळ मुख्य भूमीचं आणि बेट पार पूर्वेला ९३ रेखांशावर, त्यामुळे पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य घरी. आठला आम्ही डाराडूर.

एक सकाळ सीतापूरला खडकातल्या डबक्यापाशी गेली. शंखात राहणारा खेकडा दुसरा रिकामा शंख तपासत होता. नांगीने तोंड चाचपलं, आत नांगी घालून बघितलं, गोल फिरवला, पुन्हा चाचपलं. मग क्षणात मऊ, वाकडं शेपूट बाहेर काढून नव्यात शिरला. चार पावलं चालला. आवडला नसावा, परत जुन्यात. नवरा म्हणाला, अगदी तू साडी घेतेस तसा.

तुम्ही राहिलात का कुणी असे? हॅवलॉक, लाँग आयलंड, लिटल अंदमान, कुठेही. सेल्युलर जेलवर वेगळे धागे आहेत, इथे नको. लिहा पटापट.

खारीक
पयली! कुकर लावलाय, वाचून लिहिते.

गलबत
आम्ही किनाऱ्यावरची माणसं, म्हणून जाताना फार शहाणपण घेऊन गेलो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, झालं काम. नीलला हा हिशोब मांडला तर समुद्राने काही ओळख दिली नाही. प्रत्येक किनाऱ्याचं घड्याळ वेगळं. पण रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर आणि अमावस्या-पौर्णिमेला उधाण, हे तिथेही तेच.

लक्ष्मणपूरचा तो दगडी नैसर्गिक पूल पूर्ण ओहोटीलाच नीट जवळून बघता येतो. आमच्या घरमालकीणबाई बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्यांना तिथे वसवलं त्यांच्यातल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारातून पाण्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, आत्ता नको, जेवून जा. जेवून गेलो की पाणी बरोब्बर मागे सरलेलं. दिवसाचा कार्यक्रम त्याच ठरवायच्या. आम्ही फक्त हो म्हणायचो.

टिंगू
सगळं निवांत असतं, मग वाळूतल्या माश्यांबद्दल कुणीच का बोलत नाही? घरी परत आल्यावरही पाय खाजवत होतो. ऑफिसात लोक लांब बसायला लागले.

सागरगोटा
@टिंगू खोबरेल तेल चोपडायचं हो. आणि ओल्या वाळूत थेट लोळायचं नाही, खाली पंचा घालायचा.

टिंगू
तेल लावलं होतं. माश्या तळून निघाल्या असतील, चावायच्या थांबल्या नाहीत. (हलके घ्या.)

काळीमिरी
डिसेंबर २०१६. आम्ही हॅवलॉकला होतो. वारा, पाऊस, बोटी बंद, वीज गेली, फोन गेले. पहिल्या दिवशी प्रत्येक जण मालकाशी भांडत होता, माझं विमान, माझं विमान! जसा काही त्यानेच पाऊस सोडलाय. दुसऱ्या दिवशी भांडण दमलं. एका मोठ्या टोपात सगळ्यांची खिचडी, मेणबत्त्या, पत्ते. शेवटी नौदलाची जहाजं आली.

पण खरं सांगू, मला त्यात निवांत काही वाटलं नाही. शेजारच्या खोलीतल्या आजोबांचं इन्सुलिन संपत आलं होतं आणि त्यांची मुलगी दर तासाला भर पावसात जेट्टीवर जाऊन विचारून यायची. बेटावर जाणाऱ्यांनो, औषधं दुप्पट न्या. बाकी कपडे नाही नेले तरी चालतील.

निवडुंग
काळीमिरी, बापरे. आजोबा ठीक ना?

काळीमिरी
हो हो, पहिल्या खेपेतच पाठवलं त्यांना. आम्हाला नंतर पत्ता लागला नाही, पण चढताना हात हलवत होते.

भेळभत्ता
धागा छान. एक खटकलं म्हणून लिहितो. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तोवर तिथलं इंटरनेट उपग्रहावर आणि रामभरोसे. आम्ही त्याआधी गेलो होतो, रेंज नाही म्हणून खूश होतो. आमच्या होमस्टेवाल्याचा मुलगा परीक्षेचा फॉर्म भरायला बोट धरून पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) गेला होता. आपलं स्लो लिव्हिंग म्हणजे त्यांची गैरसोय असते, एवढंच.

सागरगोटा
@भेळभत्ता मुद्दा मान्य. पण मी रेंजबद्दल लिहिलंच नाहीये, मी उजेडाबद्दल लिहिलंय. केबल आली म्हणून सूर्य काही साडेसातला मावळत नाही.

भेळभत्ता
:) तेही खरं.

राधानगरी_नव्हे_राधानगर
राजन कुणाला आठवतो का? लाकूड ओढायला आणलेला हत्ती. जंगलतोडीवर बंधनं आल्यावर निवृत्त होऊन हॅवलॉकला राहिला. पोहायचा. आधी या हत्तींना कामासाठी एका बेटावरून दुसऱ्यावर पोहतच न्यायचे. २०१६ मध्ये गेला. मी त्याला पाण्यात नाही, झाडीत बघितलंय. फांदी तोडली, पायाखाली धरून सोंडेने साल सोलली, गर खाल्ला, बाकीचं टाकलं आणि पुढची फांदी. तासभर हेच. माहूत शेजारी आडवा. निवांतपणात दोघांत चुरस होती.

वेलदोडा
अवांतर: लेक दोन वर्षांची आहे. नेता येईल का? घरच्यांनी मगरींचं काढलंय.

गलबत
@वेलदोडा बिनधास्त न्या. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पण त्यांचा मुक्काम मुख्यतः खाड्या आणि खारफुटीत. जिथे पाटी आहे तिथे पाण्यात उतरायचं नाही, जीवरक्षक नको म्हणाला तर नको. भरतपूरचं पाणी उथळ आहे, ओहोटीला तर पोरं घोट्याएवढ्या पाण्यात खेळतात. पण तेव्हा प्रवाळावर पाय पडतो, कापतं. मुलीला रबरी बूट घाला.

खारीक
आले. वरण झालं.

लाँग आयलंड! कुणीच कसं लिहिलं नाही? पोर्ट ब्लेअरहून पहाटेची बस. जिरकाटांगला सगळ्या गाड्या थांबवतात आणि ताफ्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून सोडतात. थांबायचं नाही, फोटो नाही. आमच्या पुढच्या सीटवरच्याने मोबाइल वर काढला, तर कंडक्टरने मागे वळूनही न बघता "खाली" एवढंच म्हटलं. बहुधा आरशात दिसत असावं. मग रंगत, आणि येराटा जेट्टीवरून बोट. ती कधी सुटेल ते बोटच जाणे. जेट्टीवर एक बाई भोपळ्यावर बसली होती. पोत्यावर नाही, भोपळ्यावर. विचारलं, बोट कधी? म्हणाली, भरेल तेव्हा. मी पाच वेळा उठून बघून आले, तिने एकदाही मान वळवली नाही.

लाँग आयलंडला उतरून 'लालाजी बे' किनाऱ्याला जंगलातून चालत. पाऊस पडून गेला होता, जळवा. पोचलो तर अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही आणि दोन कुत्री. मी तासाभरात कंटाळले, खरंच. नंतरचा तास अजून वाईट. मग कधीतरी कंटाळा संपला आणि भूक लागली.

भाजी फोडणीला टाकायचीय, उरलेलं रात्री.

निवडुंग
खारीक, भोपळा लाल का दुधी?

खारीक
लाल गं. दुधीवर कोण बसेल.

चिंचोका
शंख-शिंपले कुणी आणू नका हां. विमानतळावर सामान तपासतात. नणंदेच्या मुलीने किनाऱ्यावर वेचलेले प्रवाळाचे तुकडे टिफिनच्या डब्यात लपवले होते, सगळे काढून घेतले. मेलेला तुकडासुद्धा चालत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळाला संरक्षण आहे. पोरगी रडली. साहेबांनी तिला समजावलं की तुझ्यासारखे सगळे एकेक न्यायला लागले तर खेकडे कुठे राहतील?

टिंगू
आणि खेकड्यांना किती साड्या बघाव्या लागतील!

वेलदोडा
😂 सरकारी बोटीची तिकिटं कशी काढतात? खाजगी महाग पडतेय.

गलबत
पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवर. आधारकार्ड जवळ ठेवा. खिडकीवर रांग असते, लवकर जा. नीलला साधारण दोन तास लागतात, खाजगी बोट लवकर पोचवते पण काचेआड बसवते, सरकारीत डेकवर उभं राहता येतं. परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा ठेवा. समुद्र कुणाचं बुकिंग बघत नाही.

वेलदोडा
धन्यवाद! मला बोट लागते, काय करू?

चिंचोका
मध्यावर बसा, नजर लांब क्षितिजावर, मोबाइल बंद. आलेपाक तोंडात.

राधानगरी_नव्हे_राधानगर
आमच्या मेव्हण्यांना तर दोर सोडायच्या आधीच लागली. जेट्टीला बांधलेली होती बोट.