खत, शिवण, मिक्सरची दुरुस्ती: हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं का?

मुठेकाठी:
आमच्या सोसायटीत सध्या ओल्या कचऱ्याचं मशीन घ्यायचं चाललंय, कोटेशन लाखांत आलंय, आणि मीटिंगमध्ये मी विचारलं की इथे खत कुणाला करता येतं, तर एकही हात वर नाही. मला हेच खटकतंय. आपण पर्यावरणासाठी वस्तू विकत घेतो, बांबूचा ब्रश, कापडी पिशव्यांचे ढीग, पण हाताने काही करायला शिकत नाही.
खताला लागतं काय? भोकं पाडलेली बादली, ओल्या कचऱ्याइतकाच किंवा थोडा जास्त वाळका पाला, सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत नाहीतर आंबट ताक. मग मूठभर उचलून दाबून बघायचं, पाणी टपकलं तर पाला कमी पडलाय, भुगा होऊन सांडलं तर पाणी शिंपडा, नुसती ओल लागून गोळा राहिला की बरोबर. वास सुटला म्हणजे आत हवा जात नाहीये, खुरप्याने वरखाली करा. हे मशीनवाला शिकवत नाही, हात लावल्यावरच कळतं. माझं म्हणणं, खत, साधी शिवण, नळाचा वॉशर, मिक्सरच्या मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश बदलणं, एवढं घरातल्या प्रत्येकाला यावं.

वारजेकर:
अहो पण वेळ कुणाकडे आहे? हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ होतात, त्यानंतर मी बादलीत खुरपं फिरवू? आणि एका घराच्या बादलीने असा काय फरक पडतो. घनकचरा नियमांत मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं आहेच, ते नीट राबवा, माणूस नेमा, पगार द्या. व्यवस्थेचं काम व्यवस्थेनं करावं, माणसाला अपराधी वाटायला लावू नये.

अबोली७२:
वारजेकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळंय. "घरातल्या प्रत्येकाला" असं लिहायला छान वाटतं, प्रत्यक्षात ते काम आईच्या नाहीतर सुनेच्या अंगावर पडतं. आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची, रिठे भिजत घालायची, त्याचं आज सगळे कौतुक करतात, पण तिची पाठ किती दुखायची ते मी पाहिलंय. डिटर्जंट आणि मशीन आल्यावर तिला पहिल्यांदा दुपारी आडवं व्हायला मिळालं. ते दिवस मला परत नकोत.

मुठेकाठी:
अबोलीताई, तुमचा मुद्दा अगदी खराय आणि मी तो मीटिंगमध्ये मांडणार आहे. म्हणूनच हे शिकवायचं ते आधी मुलग्यांना आणि पुरुषांना. वॉशिंग मशीन सोडा असं मी म्हणतच नाहीये.
वारजेकर, व्यवस्था हवीच. पण कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपला पुण्याचा कचरा सोसला, त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं, ते व्यवस्थेनंच केलं ना? नेमलेल्या माणसाला बादलीतलं कळतं की नाही हे तपासायला तरी आपल्याला ते यायला नको का?

कसब्यातला:
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. सगळं स्वतः करायचं हा हट्टच कशाला? तांबट आळीत आजही ठोके ऐकू येतात, कल्हई करणारे मोजके उरलेत, गल्लीतल्या शिंप्याकडे रफूचं काम येत नाही. त्यांना काम द्या की! मी पितळेची पातेली कल्हईलाच देतो, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवताना त्यांचा हात बघा, ते व्हिडिओ बघून जमणारं काम नाही आणि धूरही वाईट. स्वच्छ संस्थेच्या कचरावेचकांचंही तेच, सुका कचरा वेगळा आणि धुऊन दिला तर त्यांचे कष्ट वाचतात. आपण एवढं केलं तरी पुरे.

पाबळरिटर्न:
मी पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलोय. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला, वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वायरिंग सगळं प्रत्यक्ष करत करत शिकायचं. कसब्यातले म्हणतात तसा कारागीर मीही गाठतोच, पण बिघाड काय आहे हे कळलं तर वस्तू भंगारात जात नाही. मिक्सरमधून ठिणग्या आणि जळका वास आला की लोक नवा घेतात, पुष्कळदा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात. प्लग काढायचा, ब्रशची टोपी फिरवून काढायची, तुकडा आखूड झाला असेल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात नमुना दाखवून तसाच घ्यायचा. मोटरच जळली असेल तर मात्र दुकानात न्या. वारजेकर, याला रोजचा वेळ लागत नाही हो.

वारजेकर:
मिक्सरचं मान्य, ते मी करीन. रोजच्या बादलीला माझा विरोध कायम आहे, सोसायटीने एकत्र खड्डा करावा आणि काम करणाऱ्याला नीट पगार द्यावा, त्यासाठी मेंटेनन्स वाढला तरी चालेल.

अबोली७२:
आणि खड्ड्याच्या देखरेखीची पाळी लावाल तेव्हा यादीत फ्लॅट नंबर नको, माणसाचं नाव लिहा. फ्लॅट नंबर लिहिला की खाली कोण उतरतं ते मला माहितीय.

मुठेकाठी:
नावंच लिहू. पाला आत्ताच साठवायला लागेल, आवारातली झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर गाळतात आणि झाडणारे मामा तो पेटवतात. या रविवारी आधी त्यांच्याशी बोलतो.