मदत हवी आहे: प्रिन्स ऑफ पर्शियाच्या आठव्या लेव्हलमध्ये बाबा अडकलेत

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न सांगते. प्रिन्स ऑफ पर्शिया हा डॉसवर (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवर) चालणारा जुना कॉम्प्युटर गेम कुणी शेवटपर्यंत खेळलंय का? आठव्या लेव्हलला बाहेर जायचं दार उघडणारी फरशी दाबून होते, दार उघडतं, पण तेवढ्यात मधली जाळी खाली येते आणि राजपुत्र आतच कोंडला जातो. तिथून पुढे कसं जायचं?

खेळतायत माझे बाबा. वय सत्तरीच्या पुढे. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी नव्वदच्या दशकात एक सेकंडहँड ३८६ कॉम्प्युटर आला होता, त्यावर हा खेळ एका फ्लॉपीतून आला. रात्री जेवणं झाली की बाबा खुर्चीवर आणि मी शेजारी स्टुलावर. बाणांच्या कळा त्यांच्याकडे, शिफ्ट माझ्याकडे. ज्यांनी खेळलाय त्यांना शिफ्टचं महत्त्व सांगायला नको. कडा पकडून लोंबकळायचं शिफ्टने, खिळ्यांमधून हळू पावलं टाकायची शिफ्टने, बाटलीतलं प्यायचं तेही शिफ्टनेच. एक कळ क्षणभर उशिरा दाबली की राजपुत्र खाली.

मॉनिटर कृष्णधवल होता. त्यामुळे लाल बाटली औषधाची आणि निळी विषाची हे आम्हाला दिसायचंच नाही, प्यायल्यावर कळायचं. म्हणून बाबांनी एक वही घातली. चौकटी असलेली गणिताची वही, एका पानावर एक लेव्हल, प्रत्येक चौकट म्हणजे एक फरशी. हलणाऱ्या फरशीला तिरकी रेघ, बाटलीपाशी ‘औ’ किंवा ‘वि’. दोन पात्यांमध्ये माणूस चिरडणारा तो सापळा आमच्या घरी ‘अडकित्ता’ होता, वहीत तो ‘अड.’ असा आहे आणि त्याच्यापुढे कुठून उडी घ्यायची त्याची फुली. पहिल्या पानावर वरती मोठ्या अक्षरात ‘कंट्रोल-जी’, म्हणजे सेव्ह. त्या वर्षांत इंदूरला लाईट कधी जाईल याचा भरवसा नसायचा, आणि साठ मिनिटांत सगळा खेळ संपवायचा म्हटल्यावर गेलेलं प्रत्येक मिनिट जिवावर यायचं. सेव्ह केलं तरी पुन्हा लेव्हलच्या सुरुवातीपासूनच, आणि सेव्ह होतं तेही तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच.

ही वही हरवली वगैरे नव्हती, वीजबिलांच्या फाइलीत कायम होती. मध्यंतरी भाच्याने बाबांच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुने डॉसचे खेळ चालवणारा प्रोग्राम) घालून खेळ सुरू करून दिला आणि बाबांनी ती फाइल काढली. सातव्या लेव्हलपर्यंत वहीवरून सरळ गेले. आठव्या पानावर नकाशा अर्धा आहे आणि खाली लिहिलंय: ‘जाळी. मार्ग नाही.’ पुढची पानं कोरी.

राजपुत्राचं ते पळणं बघून बाबा तेव्हाही थक्क व्हायचे, आताही होतात. जॉर्डन मेकनरने १९८९ साली हा खेळ ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला, त्याआधी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. धाव थांबवल्यावर राजपुत्र दोन पावलं पुढे जातो ते त्यामुळेच. खऱ्या माणसाला एकदम थांबता येत नाही. मला वाटतं, आजच्या चकचकीत खेळांपेक्षा हा अजून जिवंत वाटतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

तर मदत हवी आहे ती अशी. जाळीचं काय करायचं हे मुख्य. दुसरं, शिफ्ट पटापट दाबली की स्क्रीनवर विंडोजची ‘स्टिकी कीज’ची सूचना येते, खेळ मागे जातो आणि तोवर पहारेकऱ्याने तलवार खुपसलेली असते. बाबांचा हात आता थोडा थरथरतो, त्यामुळे ती फार वेळा येते. तिसरं, साठ मिनिटं त्यांना पुरत नाहीत. वेळ वाढवता येतो का? आणि चौथं, पूर्वी आतल्या छोट्या स्पीकरमधून टिकटिक, पीं असे आवाज यायचे, आता संगीत वाजतं. बाबांना ते जुने आवाज हवे आहेत.

प्रतिसाद: लष्करकर
ताई, जाळीपाशी काहीही करायचं नाही. पळायचं नाही, फरशा ठोकायच्या नाहीत, लेव्हल पुन्हा सुरू करायची नाही. जाळी दिसते त्याच पडद्यावर राजपुत्राला नुसतं उभं ठेवा. काही सेकंदांनी एक उंदीर धावत येतो आणि जाळीची फरशी दाबतो. आठवी लेव्हल सुरू व्हायच्या आधी राजकन्या उंदराला पाठवताना दाखवली आहे, तो हाच. घड्याळ चालू असल्यामुळे कुणी तिथे थांबत नाही, मीही ग्वाल्हेरला काकांच्या घरी तिथेच अडकलो होतो.
स्टिकी कीजसाठी: सेटिंग्ज, त्यात ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड. स्टिकी कीजचा जो कीबोर्ड शॉर्टकट आहे तो बंद करा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती सूचना येते, शॉर्टकट बंद केला की येणार नाही.

प्रतिसाद: मांडवी
वेळेसाठी एसडीएलपॉप बघा. डॉसवाल्या खेळाचीच हुबेहूब आवृत्ती आहे, फुकट मिळते आणि आजच्या विंडोजवर डॉसबॉक्सशिवाय चालते. तिच्या ‘आयएनआय’ फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, सुरुवातीची मिनिटं किती ते बदलता येतं, सुरुवातीचे जीव तीनऐवजी जास्त ठेवता येतात. शिवाय एफ-६ दाबलं की उभे असाल तिथेच सेव्ह होतं आणि एफ-९ ने परत येता येतं. थरथरत्या हाताला याचा फार उपयोग होईल. सगळे नकाशे तेच आहेत, त्यामुळे बाबांची वही चालेल.
संगीताबद्दल एक सांगते. ते मेकनरच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी केलेलं आहे. तुमच्या बाबांना एकदा नीट ऐकवा, मग ठरवू दे त्यांना.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार. स्टिकी कीज बंद केल्या. बाबांनी जाळीपर्यंत राजपुत्राला नेलं, दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. उंदीर आला तेव्हा त्यांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. ती पीठ लागलेल्या हातांनी आली तोवर उंदीर गेला होता, पण जाळी उघडी होती.
वहीतलं ‘मार्ग नाही’ खोडून त्यांनी तिथे ‘थांबणे’ लिहिलंय. नववीपासून पुढचं कुणी सांगू नका, असा त्यांचा निरोप आहे. एसडीएलपॉप भाच्याकडून घालून घेते. संगीतही ऐकवलं, राजकन्येच्या खोलीतलं त्यांना आवडलं, पण खेळताना त्यांना टिकटिकच हवी आहे. डॉसबॉक्समध्ये हा खेळ जुन्या स्पीकरच्या आवाजात कसा सुरू करायचा हे कुणाला माहीत असेल तर नक्की लिहा.