तुरुंगाच्या जुन्या नोंदवह्यांवर उन्हाळी संशोधन: विषय कसा आखावा?

प्रश्न (पदवी_दुसरे_वर्ष)

मी इतिहास विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकत असून उन्हाळ्याच्या सुट्टीत एका प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचे संशोधन करणार आहे. एकोणिसाव्या शतकातील तुरुंगांच्या ज्या प्रवेश-नोंदवह्या आता संगणकावर पाहता येतात, त्यांवर काम करायचे ठरले आहे. वय, उंची, व्यवसाय, गुन्हा, शिक्षेची मुदत, लिहिता-वाचता येते की नाही, असे रकाने त्यांत असतात. निरक्षरता आणि गुन्हेगारी यांचा संबंध हा विषय मी सुचवला होता. परंतु तो फार मोठा आहे असे सांगून मार्गदर्शकांनी लहान प्रश्न शोधायला सांगितले आहे. संख्याशास्त्राची मला प्राथमिक ओळख आहे, त्यापलीकडे नाही. अशा दप्तरांवर ज्यांनी काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (दप्तरवाचक)

मार्गदर्शकांचे म्हणणे योग्य आहे, पण तुमच्या विषयाची खरी अडचण त्याच्या आकारात नाही. तुरुंगाच्या वहीत फक्त तुरुंगात आलेले लोक सापडतात. बाहेर राहिलेल्यांत निरक्षर किती होते हे त्या वहीतून कळत नाही, आणि ते कळल्याखेरीज निरक्षरतेविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय ज्याला दंड भरता येई तो घरी जाई आणि ज्याला भरता येत नसे तो आत जाई, त्यामुळे गुन्हा आणि दारिद्र्य यांचा वहीत असा गुंता झालेला असतो की तो सोडवायला दोन महिने मुळीच पुरणार नाहीत.

तेव्हा आपली वही नेमकी कशाची मोजणी करते, हे आधी पाहावे. प्रवेश-नोंदवहीतील एक ओळ म्हणजे एक माणूस नव्हे, तर तुरुंगात आत येण्याची एक वेळ. दारू पिऊन दंगा केल्याबद्दल आठवडाभराची कैद पुनःपुन्हा भोगणारी एकच स्त्री वर्षभरात अनेक ओळी व्यापते, तर सात वर्षांची शिक्षा झालेला कैदी एका ओळीत आटोपतो. याउलट एखाद्या ठरावीक रात्री तुरुंगात हजर असलेल्यांची यादी केली, तर लांब मुदतीचे कैदीच अधिक दिसतात. एकाच तुरुंगाची ही दोन चित्रे एकमेकांना ओळख देत नाहीत इतकी वेगळी असू शकतात. दोन्ही प्रकारच्या नोंदी उपलब्ध असतील, तर एका तुरुंगाचे एक वर्ष घेऊन हा फरक दाखवणे हाच मला उन्हाळाभराचा चांगला विषय वाटतो.

उत्तर (आकडेमोड)

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र साक्षरतेचा विषय पूर्णपणे सोडून देण्याची गरज नाही. तुलना वहीच्या आतल्या आतच केली, तर बाहेरच्या लोकसंख्येचे आकडे लागत नाहीत.

ज्यांना स्वतःचे वय नेमके ठाऊक नसे ते ३०, ३५, ४० असे ठोकळ आकडे सांगत. हा कल मोजण्यासाठी लोकसंख्याशास्त्रात व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयोगटात ज्यांच्या वयाच्या शेवटी ० किंवा ५ येतो त्यांची संख्या घ्यावी, तिला त्या गटातील एकूण संख्येच्या पाचव्या हिश्श्याने भागावे आणि १०० ने गुणावे. वये अचूक सांगितली असतील तर उत्तर १०० च्या आसपास येते, आणि सगळ्यांनीच ठोकळ वये सांगितली असतील तर ५०० येते. इंग्लंडच्या तुरुंगांत वाचता-लिहिता न येणारे, फक्त वाचता येणारे, जेमतेम वाचता-लिहिता येणारे आणि चांगले येणारे अशा प्रतवाऱ्या असत. प्रत्येक प्रतवारीचा निर्देशांक वेगळा काढून पाहा. हे काम साध्या स्प्रेडशीटमध्येही होते.

एक धोका मात्र सांगायला हवा. वय कैद्याने सांगितले, कारकुनाने चेहरा पाहून अंदाजाने लिहिले, की मागच्या खेपेच्या नोंदीवरून उतरवले, हे रकान्यावरून समजत नाही. यावर उपाय म्हणजे पुन्हा आलेले कैदी शोधणे. १८५१ मध्ये ३० वर्षांचा असलेला माणूस १८५५ मध्येही ३० वर्षांचाच असेल, तर त्या रकान्यावर किती विसंबायचे ते आपोआप कळते. अर्थात तो टोपणनावाने परत आला असल्यास त्याला ओळखणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

उंचीचा विषयही अनेकांना खुणावतो, कारण सैन्यभरतीसारखी किमान उंचीची अट तुरुंगाला नसते आणि त्यामुळे ठेंगणे लोक यादीतून गळत नाहीत. तरीही पहिल्याच संशोधनासाठी तो घेऊ नये असे मला वाटते. त्या काळी वयाच्या विसाव्या वर्षानंतरही उंची थोडी वाढत असे आणि मोजताना पायांत बूट होते की नाही याचीही खात्री नसते.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

आपण दोघांचेही आभार. वय आणि साक्षरता यांचा विषय मला जमण्यासारखा वाटतो. नोंदी कोणत्या घ्याव्यात, आणि शेऱ्याच्या रकान्याचे काय करावे?

उत्तर (दप्तरवाचक)

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील १६७४ ते १९१३ या काळातील खटल्यांचे छापील वृत्तान्त विनामूल्य वाचता येतात, आणि तिथे शिक्षा झालेल्या सुमारे ९०,००० लोकांच्या निरनिराळ्या दप्तरांतील नोंदी ‘डिजिटल पॅनॉप्टिकॉन’ या प्रकल्पात एकमेकींशी जोडलेल्या आहेत. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर शिक्षा म्हणून पाठवलेल्या कैद्यांची वर्णने तर विलक्षण बारकाईने लिहिलेली आहेत. भुवयांचा रंग, नाकाची ठेवण, हातावर गोंदलेला जहाजाचा नांगर आणि त्याच्याशेजारी कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे, असे सगळे त्यांत आढळते. यांपैकी कोणतेही दप्तर घेतले, तरी तयार तक्त्यावर थांबू नका. मूळ पानाची प्रतिमा उघडून निदान शंभरेक ओळी स्वतः उतरवा, कारण वरच्या ओळीप्रमाणे अशा अर्थाची खूण चुकीच्या ओळीशी जोडली गेली की पुढचा अख्खा रकाना बिघडतो.

शेरे वाचताना ते कोणी आणि कशासाठी लिहिले हे ध्यानात ठेवावे. फिलाडेल्फियाचे ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हे कारागृह १८२९ मध्ये सुरू झाले, ते कैद्याला एकांतात ठेवल्यास त्याला पश्चात्ताप होईल या विश्वासावर. तिथल्या नैतिक उपदेशकाने एखाद्याविषयी सुधारण्याची आशा आहे असे लिहिले, तर त्यातून त्या माणसाच्या मनापेक्षा त्या संस्थेचा विश्वासच अधिक कळतो. म्हणून असे शेरे आकडेवारीत मिसळू नयेत. त्यांवर वेगळी दोन पाने लिहावीत.

उत्तर (आकडेमोड)

नावांविषयी एक सूचना. एकोणिसाव्या शतकातील नोंदी बहुतेक ठिकाणी खुल्या असल्या, तरी विसाव्या शतकात शिरताच अभिलेखागारांचे गोपनीयतेचे नियम लागू होतात, आणि मनोरुग्ण किंवा बालगुन्हेगार यांच्याबाबत ते अधिक कडक असतात. तुमच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्या आणि नावे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. पुन्हा आलेले कैदी जुळवताना तीच फाइल उपयोगी पडेल, आणि मार्गदर्शकांना तक्ता पाठवताना नावे खोडत बसावे लागणार नाही.