मदत हवी आहे: वॉर्डातल्या कुजबुजीवर क्लास घ्यायचाय, काय बोलू?

रात्रपाळी
नमस्कार. मी स्टाफ नर्स, अकरा वर्षं झाली, सध्या मेल सर्जिकल वॉर्डात. गाव आणि हॉस्पिटल सांगत नाही, समजून घ्या.

मागच्या महिन्यात गुदद्वाराजवळच्या गळवासाठी पस्तिशीचा एक पेशंट भरती झाला. सोबत त्याच्याच वयाचा एकजण. रात्री बेडखाली चटई टाकून झोपायचा, सकाळी पेशंटचे केससुद्धा विंचरून द्यायचा. कुणीतरी केसपेपर वाचून दोघं जोडपं असल्याचं ताडलं आणि संध्याकाळपर्यंत चहाला दुसरा विषय उरला नाही. ड्रेसिंगला जाताना एकीने दोन-दोन ग्लोव्हज चढवले. एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. "तरी काय सांगावं," म्हणाली. राउंडला रेसिडेंटने सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, "लग्न का नाही केलंस रे?" डॉक्टर त्याच्याहून आठ वर्षांनी लहान.

पहिल्या दिवशी मीही हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाही, पण बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघून गेला. असली जखम आतून भरत यावी लागते, रोज पॅकिंग, म्हणजे आत गॉज भरणं, लागतं. आता कोण करत असेल?

इन्चार्ज सिस्टरांना हे बोलले तर म्हणाल्या, एवढं वाटतंय तर तूच क्लास घे, अर्धा तास देते. माझ्या नर्सिंगच्या तीन-साडेतीन वर्षांत यावर कुणी अवाक्षर शिकवलं नव्हतं. पोस्टरवरची भाषा नको. आमच्या बायका ऐकतील असं काय बोलू?

शवविच्छेदक
सिस्टर, तो रेसिडेंट आभाळातून पडला नाही, आम्हीच घडवलाय. फॉरेन्सिकच्या तासाला समलिंगी संबंध वर्षानुवर्षं 'अनैसर्गिक गुन्ह्यां'मध्ये शिकवले. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं, त्यांना गुन्हा ठरवणारं कलम 377 बाद केलं. तरीही 2024 च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ते गुन्हे परत आले! ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत तो मागे घेतला, ते सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच आजारांच्या यादीतून समलैंगिकता काढलीय, आणि 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं 2022 पासून व्यावसायिक गैरवर्तनात मोडतं.

पण हे सगळं क्लासमध्ये वाचू नका, डुलक्या काढतील. ग्लोव्हजपासून सुरू करा. कुणाला काय संसर्ग आहे हे तोंडावरून कळत नाही, म्हणून काळजी सगळ्यांच्या बाबतीत सारखी घ्यायची, हे प्रत्येक नर्सला पाठ असतं. एकाला दोन जोड्या म्हणजे वॉर्डातले बाकीचे सगळे 'स्वच्छ', असं ठरवूनच टाकलं की.

कोपऱ्यातला
ताई, मी गे आहे. प्रश्न विचारल्याचा राग येत नाही, प्रेक्षक जमवल्याचा येतो. पडद्याआड, हळू आवाजात "पार्टनर पुरुष, स्त्री की दोन्ही?" एवढं विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. मला विचारलं, "बाहेरच्या बाईकडे जाता का?" मी नाही म्हणालो, खरंच होतं ते. सिफिलिसची तपासणी राहिली आणि दुसऱ्या शहरात, दुसऱ्या दवाखान्यात निघाला. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारा, म्हणजे कुणी वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

सोनचाफा७
बायकांचंही सांगा. आमच्याकडे "मॅरीड का?" हा अख्ख्या लैंगिक इतिहासाचा शॉर्टकट आहे. मी नाही म्हटलं की आतून सोनोग्राफी नको, पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) नको. मैत्रिणीसोबत राहते असं एकदा धीर करून सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, मग तुला काय गरज! तो कॅन्सर ज्याने होतो तो एचपीव्ही विषाणू बाईकडून बाईलाही होतो, हे डॉक्टरला मी सांगायचं?

ओपीडी_नं_९
चाळीस पेशंटला दोन सिस्टर, त्यात आता हेही शिका. वेळ कुठून आणायचा?

रात्रपाळी
@ओपीडी_नं_९ दादा, ताण खराय. पण कुजबुजायला आम्हाला वेळ पुरला होता.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लोव्हजनेच सुरुवात करते. एक शंका राहिली: फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना असतो. आमच्या क्लार्कने त्या माणसाला "मित्र चालत नाही, रक्ताचं कोणी आणा" म्हणून परत पाठवलं होतं.

शवविच्छेदक
रुग्ण सांगेल ते लिहायचं. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःची. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात तर रुग्ण सज्ञान असताना आईने दिलेली संमतीही ग्राह्य धरली नव्हती. नातेवाइकाची सही ही आपली जुनी सवय.

रात्रपाळी
हे क्लार्कलाही बसवून सांगते. त्या पेशंटचा नंबर केसपेपरवर आहे. फोन करू का?

कोपऱ्यातला
वॉर्डच्या फोनवरून करा, तुमच्या नाही. जखम कशी आहे, ड्रेसिंगला या, एवढंच बोला. दुसऱ्या कुणी उचलला तर कशाचं ऑपरेशन ते सांगू नका. माफी तो आल्यावर, समोर.

रात्रपाळी
सोमवारी सकाळपाळी आहे. राउंडच्या आधी करते.